बेकरीच्या वळणावरचे रौप्यपदक

लिहून देणार: तैसिया येगोरोव्ना विद्यायेवा, वय सदुसष्ट. व्यवसाय आधी चालणे, नंतर चालायला शिकवणे, सध्या बटाटे. राहणार पोद्लेस्नोये, मोर्दोव्हिया.

हे मृत्युपत्र मी कोणाच्याही दडपणाखाली न येता, पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण आमच्या ग्रामकचेरीतल्या झिनाईदा मार्कोव्ना म्हणाल्या, की कायद्याला गुडघ्यांशी काही कर्तव्य नाही. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. हेच पहिले आणि, आळस पाहता, हेच शेवटचे.

१. राहते घर, त्यातील भट्टी, तळघर आणि मागची बटाट्याची जमीन माझी एकुलती एक मुलगी नोन्ना हिला द्यावी. नोन्ना, घर विकायचे तर खुशाल विक, मला वाईट वाटणार नाही. मात्र शेजारच्या प्रोन्किनला विकू नकोस. त्याच्या शेळीने माझी कोबी तीन वर्षे खाल्ली आणि तो दर वेळी म्हणाला, "शेळीला काय कळतंय, तैसिया येगोरोव्ना?" शेळीला सगळे कळत होते. ती फक्त माझ्याच वाफ्यात यायची.

२. बँकेतील शिल्लक माझ्या अंत्यविधीला आणि चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला वापरावी. धिरडी पातळ करावीत. उरेल ते नोन्नाचे.

३. थांबघड्याळ तालुक्याच्या क्रीडाशाळेतील मुलींना द्यावे. ते माझे गुरू अर्कादी सावेलिच यांचे. मी पंधरा वर्षांची असताना त्यांनी मला दूध घेऊन घाईघाईने घरी जाताना पाहिले आणि सायकल थांबवून विचारले, "पोरी, पळत का नाहीस?" मी म्हटले, "दूध सांडतं." ते म्हणाले, "उद्या शाळेच्या मैदानावर ये. दूध आणू नकोस." अशी माझी कारकीर्द सुरू झाली. आमची शर्यत वेगाने चालण्याची, तिचे नियम दोनच: एक पाय कायम जमिनीला लागलेला हवा, आणि पुढचा पाय टेकताना गुडघा ताठ हवा. चुकले की रस्त्याकडेचा पंच तुमच्या नंबरावर लाल कार्ड लिहून मुख्य पंचाकडे धाडतो. तीन कार्डे झाली की बाहेर. कमरेच्या त्या झोक्यामुळे सगळे गाव हसायचे. आई म्हणायची, "अशी चाललीस तर तुझ्याशी लग्न कोण करील?" ग्रिगोरीने केले. चाल बघूनच केले, असे तो मरेपर्यंत सांगत होता. देव त्याचे भले करो.

४. चालण्याच्या बुटांच्या चार जोड्या जाळून टाकाव्यात. त्या कोणाला देण्याच्या लायकीच्या नाहीत. देशाच्या संघातून मी परदेशी एकदाच गेले, एकोणिसावी आले. तिथून आणलेली छत्री नोन्नाकडेच आहे.

५. मला दफनभूमीपर्यंत गाडीतून नेऊ नये. अंतर सातशे मीटर आहे. लोकांनी चालावे, आणि सावकाश चालावे.

६. आमच्याकडे पदक मिळवलेल्या माणसाच्या शवपेटीपुढे ते पदक लाल उशीवर ठेवून नेतात. माझ्या पुढे उशी नेऊ नये. १९८५ सालच्या देशाच्या अजिंक्यपद स्पर्धेतील दहा किलोमीटरचे माझे रौप्यपदक क्लावदिया पेत्रोव्ना सुरोदेयेवा हिला द्यावे, कारण ते तिचे आहे.

क्लावा आणि मी एकाच गावच्या, एकाच गुरूच्या. त्या दिवशी आठव्या किलोमीटरला, बेकरीच्या वळणावर, आम्ही दुसऱ्या क्रमांकासाठी खांद्याला खांदा लावून चालत होतो. दोघींच्याही नावावर दोन-दोन कार्डे. तिला मागे टाकायला म्हणून मी जोर केला आणि माझे पाय उचलले गेले. दहा-बारा पावले मी पळाले. मला ते कळले. पंचाने उचललेले पाय पाहिले, पण त्याच्या बाजूला क्लावा होती, माझा नंबर तिच्याआड होता, आणि कपडे एकाच रंगाचे. त्याने तिचा नंबर लिहिला. तिचे ते तिसरे कार्ड. मैदानाच्या दारात मुख्य पंचाने क्लावाला लाल पाटी दाखवून बाहेर काढले. मी वळूनही पाहिले नाही. संघात मला घेतले, ती दूध डेअरीत लागली.

एकोणचाळीस वर्षे हे तोंडावर सांगायची हिंमत मला झाली नाही. म्हणून मेल्यावर सांगते आहे. हा भित्रेपणा आहे हे मला ठाऊक आहे. क्लावा, तू माझ्या मागून चालली नाहीस तरी चालेल.

पुढील मजकूर त्याच दिवशी, कचेरीच्या टेबलावर लिहिला.

दुसऱ्या साक्षीदार पोस्टातल्या बाई चिखलामुळे आल्या नाहीत. झिनाईदा मार्कोव्ना म्हणाल्या, "बाहेर बाकावर तुमची मैत्रीण बसलीय ना? बोलवा तिला." क्लावा मला हाताला धरून चिखलातून इथवर घेऊन आली होती. मी म्हटले, "ती नको." तोवर क्लावा आत आली होती. "मी का नको गं?" म्हणाली आणि चष्मा लावून वाचायला बसली. मी तिला अडवू शकले असते. अडवले नाही.

सहावे कलम तिने दोनदा वाचले. मग म्हणाली, "दहा-बारा नाही. सोळा."

"काय सोळा?"

"पावलं. शेजारी चालणारीला ऐकू येतात, ताया. तुझा ठेका तुटला होता."

"मग बोलली का नाहीस?"

"तुला बाहेर काढून पदक घ्यायचं, आणि परत त्याच रेल्वेत तुझ्याशेजारी बसायचं? दोन दिवसांचा प्रवास होता." मग चष्मा काढून म्हणाली, "राग आला होता. दोन वर्षं तुझ्याशी बोलले नव्हते. तुला वाटलं, पंचांवर चिडलेय. नंतर वाट बघितली, आज सांगशील, उद्या सांगशील. किती वाट बघितली मी."

मी रडले. हे मृत्युपत्रात लिहायचे नसते, पण खरे आहे म्हणून लिहिते. मी तिची क्षमा मागितली. ती माझ्या बोटाला लागलेली शाई आपल्या रुमालाने पुसत राहिली.

झिनाईदा मार्कोव्ना खाकरल्या. "एक सांगते. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळायचंय, त्याला साक्षीदार होता येत नाही. क्लावदिया पेत्रोव्ना, तुम्ही सही केलीत तर पदक तुम्हाला मिळणार नाही. पोस्टातल्या बाई उद्या येतील, थांबा हवं तर."

"सही केली की मिळणार नाही?"

"नाही."

"आणि मग ते हिचंच राहील? कागदोपत्री?"

"हिचंच."

"द्या ते पेन," क्लावा म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "उशी मी धरीन. आणि तू आधी गेलीस तरच हं. मला घाई नाही."

सबब कलम सहामधील पदकाची तजवीज आणि उशीची मनाई मी राजीखुशीने रद्द करीत आहे. बाकी कलमे कायम.

ठिकाण: पोद्लेस्नोये. दिनांक: २२ ऑक्टोबर २०२४.

लिहून देणार: तै. ये. विद्यायेवा (सही)

साक्षीदार १: येफिम पावलोविच कुल्यागिन, सुतार (सही)

साक्षीदार २: क्लावदिया पेत्रोव्ना सुरोदेयेवा, वय सहासष्ट, लिहून देणारीची मैत्रीण. संपूर्ण मजकूर वाचून, समजून आणि कोणताही लाभ न घेता (सही)