मोकळा फुटपाथ

मंगळवार, ६ फेब्रुवारी

बाबांचं कोपर सोललंय. एक डिलिव्हरीवाला घासून गेला. थांबलासुद्धा नाही! का घासला? कारण बाबा रस्त्यावरून चालत होते. का चालत होते? कारण फुटपाथवर गाड्या! आमच्या फाटकापासून कोपऱ्यावरच्या सलूनपर्यंत एकीला एक खेटून, दोन चाकं वर, दोन खाली. आंधळ्या माणसाने जायचं कुठून — टपांवरून?

दृष्टी गेल्यापासून बाबा एकटे जातात अशी एवढी एकच जागा उरलीय. सकाळी सलूनमध्ये बसायचं, सलूनवाल्याकडून पेपर वाचून घ्यायचा, चार जणांशी वाद घालायचा, परत यायचं. बाकी सगळीकडे कुणाचा तरी हात धरून. पांढरी काठी आणून दिलीय, ती छत्रीसारखी काखेत मारतात. टेकली की लोक 'अरेरे' म्हणतात म्हणे.

जखम धुताना म्हणाले, "चालायचंच." माझं डोकं आणखी फिरलं.

बुधवार, ७

बँकवाल्या काकांकडे गेले. फाटकाबाहेरची पहिली गाडी त्यांचीच, पांढरी, लांबलचक. शांतपणे बोलायचं ठरवून गेले होते, खरंच!

"तूच सोडत जा की गं बाबांना. या वयात एकटं पाठवायचं कशाला?"

म्हणजे यांच्या गाडीला जागा हवी म्हणून माझ्या बाबांनी घरात बसायचं! वर शहाणपण — "रस्त्यावर लावल्या तर रस्ता अडेल. आम्ही उलट लोकांची सोय बघतोय." चोर तो चोर, वर शिरजोर!

आणि जागा तरी कशा ठरलेल्या! काकांच्या पुढे डॉक्टरांची कापड घातलेली, मग शिकवणीवाल्या बाईंची ठेंगणी. एकाच्या जागी दुसऱ्याने लावली की गळे धरतात. गाडी बाहेर नेली की कुंडी ठेवून जागा धरतात. फुटपाथ नाही, बापजाद्यांची इस्टेट!

दिवसभर लॅबमध्ये कवळ्या घासल्या. एक दात जास्तच घासला गेला, सगळी कवळी पुन्हा करावी लागणार. दात दुसऱ्यांचे, ओठ माझे. दातओठ खाणं म्हणतात ते हेच असावं.

शुक्रवार, ९

ट्रॅफिकच्या चौकीत गेले. हवालदार तसा भला. खुर्ची दिली, पाणी दिलं. मग म्हणाला, "ताई, रस्ता आमचा, फुटपाथ पालिकेचा. गाडी अर्धी वर, अर्धी खाली. आता अर्धीच उचलू का?" आणि स्वतःच हसला.

पालिकेत गेले. तिथल्या बाई म्हणाल्या, "चाकं असलेलं सगळं पोलिसांकडे."

"आणि पाय असलेलं?"

त्या जेवायला उठल्या.

मंगळवार, १३

गाड्या उचलणारा ट्रक आला! आणि आला कसा, तर भोंग्यावर बोंबलत — "गाड्या काढा! गाड्या काढा!" चोर धरायला निघताना आधी त्याला निरोप पाठवतात का? सगळे मिळेल त्या चपला अडकवून खाली धावले. चौकाला एक वळसा घातला. ट्रक गेला, गाड्या परत जागच्या जागी.

उचललं काय? आमच्या वहिनीची स्कूटर! फाटकाला टेकून, एक चाक जेमतेम फुटपाथवर.

"छान! तुझ्या तक्रारीचा पहिला मान घरच्यांना," वहिनी म्हणाली. दादाने पोळी ताटात आपटली. बाबा तेवढे ठसका लागेपर्यंत हसले.

बुधवार, १४

आमच्या फाटकावर कुणीतरी खडूने लिहिलंय — 'तक्रारबाई'. पुसणार नाही. असू दे!

सोमवार, १९

दातांच्या डॉक्टरांनी एका आजींना रंग जुळवायला लॅबवर पाठवलं. सोबत मुलगा — ट्रॅफिकचा मोठा साहेब निघाला! आजींचं तोंड उघडं, माझ्या हातात दातांचे नमुने, आणि माझं तोंड सुटलं. कोपर, हवालदार, पालिका, भोंगा, सगळं सांगितलं. आजी नुसत्या "आँ, आँ" करत होत्या. साहेबांनी गल्ली विचारली. "बघतो," म्हणाले.

म्हणजे चौकी नाही, अर्ज नाही. आजींचे दात कामी आले! नियम पाळून घ्यायलासुद्धा ओळख लागते या गावात. संताप होतो. पण 'राहू द्या साहेब' काही मी म्हटलं नाही.

गुरुवार, २२

झालं! भोंगा नाही, काही नाही. सकाळी लोक उठून बघतात तर प्रत्येक गाडीच्या चाकाला जॅमर. काका बनियनवर खाली. डॉक्टर फोनवर कुणाला तरी 'मी कोण आहे माहितीय का' विचारत होते. त्यालाही माहीत नसावं. संध्याकाळपर्यंत एकेक गाडी गेली, कुंड्यासुद्धा पालिकेने उचलल्या.

काय रुंद आहे हा फुटपाथ! मी त्यावरून उगाचच दोनदा गेले आणि आले. बाबांना सांगितलं, "आता खुशाल मधोमध चाला." ते "बरं" म्हणाले. इतकं केलं आणि नुसतं 'बरं'!

शनिवार, २४

बाबा हरवले होते. सलूनवाल्याचा फोन आला, "ताई, बाबा आज येणार नाहीत का?" ते तर केव्हाच निघाले होते! हातातलं काम टाकून धावले. पार पलीकडच्या गल्लीत, एका गॅरेजच्या दारात उभे सापडले. काठी काखेतच. शर्ट घामाने चिंब. माझा हात असा धरला की बोटं दुखली.

कुणी ढकललं का? काही बोललं का? "घरी चल," एवढंच म्हणाले.

तशीच काकांच्या दारात गेले. "माझा राग आहे ना? मग माझ्यावर काढा! म्हाताऱ्या माणसाला रस्ता चुकवता?" सगळा जिना ऐकत होता. काका पांढरेफटक पडले. काकू म्हणाल्या, "अगं, आम्ही खाली उतरलोसुद्धा नाही." खोटारडे!

सोमवार, २६

बाबा काल गेले नाहीत. आजही नाही. सलूनवाला दाढी करायला घरी आला, तर त्याच्याशीही धड बोलले नाहीत.

बुधवार, २८

आज बाबा आपणहून बोलले. "गाड्या होत्या ना, तेव्हा एकेकीला हात लावत जायचो गं. काकांची गार, मग डॉक्टरांचं कापड, मग शिकवणीवालीचा वाकडा आरसा. ती संपली की सलून. आता हाताला काहीच लागत नाही." मग काठीची मूठ चाचपत — "काकांना विचारतेस? एक-दोन तरी परत लावतील का?"

चपला घालून बसलेय. कोणत्या तोंडाने जाऊ?