केळवणाचे ताट

श्री. अल्पेश यांस,

लग्न ठरलेल्या मुलीला व तिच्या नियोजित वराला केळवणास बोलावून पोटभर वाढावे, ही आमची रीत. म्हणून तुम्हांस जेवावयास बोलाविले होते; दात पाडण्यासाठी नव्हे.

माझी नात भक्ती हिला तुम्ही रोज बारीक मुलींच्या रील पाठविता, हे मला ठाऊक होते. मी ते हसण्यावारी नेले. परंतु त्या दिवशी तिने जिताडा माशाचा तुकडा उचलला आणि तुम्ही तिच्यासमोर मोबाईलवर तसलीच एक रील धरून साऱ्या पंगतीला ऐकू जाईल असे म्हणालात, "खा, खा. वरातीला टेम्पोच सांगतो!" ती हसली, जेवली आणि उठून न्हाणीत गेली. मी मागोमाग गेलो. घशात बोटे घालून ती सर्व ओकत होती. हातातील बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या होत्या.

परत येऊन मी दारामागचे मिठागराचे फावडे उचलले. प्रथम तुमचा मोबाईल फुटला, नंतर जबडा. रक्त भातावर सांडले. मला वाईट वाटले ते भाताचे.

तेव्हापासून भक्ती उपाशी आहे. मी बळेच घास कोंबला, तर तिने माझे बोट रक्त येईतो चावले. म्हणते, "आजा, तू त्याची माफी माग, तवाच जेवीन."

माफी लिहिली, तर ती आज जेवेल आणि उद्या तुमच्या घरी नांदावयास येईल. तेथे तिच्यामागून न्हाणीपर्यंत कोण जाणार?

आपला कोणीही नव्हे,
काळूराम म्हात्रे