सिलिंडर काढलेलं तट्टू

२१ जानेवारी, बुधवार. पनवेल.

चित्र आज गेलं. खारघरच्या नव्या टॉवरच्या लॉबीत लागेल. माथेरानचा चढ चढणारं तट्टू, पाठीवर दोन्ही बाजूंना गॅसचे सिलिंडर. वर गाड्यांना बंदी, म्हणून सगळं तट्टांच्याच पाठीवरून जातं. मी पाहिलं तेच काढलं होतं.

परवा बिल्डरसाहेब बघून गेले. म्हणाले, "मॅडम, घोडा छान आहे. फक्त ते सिलिंडर काढून टाका. आत येणाऱ्याला प्रसन्न वाटलं पाहिजे."

मी हो म्हटलं. का म्हटलं? वाद घालायचा कंटाळा आला, एवढंच.

काल सकाळी बसून सिलिंडर पुसले. त्या जागी लाल माती आणि झाडी भरली. पण पुढचे गुडघे ओझ्याखाली वाकलेले होते, ते तसेच राहिले. ते सरळ करायचे तर अख्खं तट्टू नव्याने काढावं लागलं असतं. मान खाली, गुडघे वाकलेले, आणि पाठीवर काहीच नाही.

टेम्पोत चढवताना नवऱ्याने विचारलं, "आजारी आहे का गं हे?"

"नाही."

"मग असं का उभंय?"

मी दोरी बांधत राहिले.

आत्ता बिल्डरसाहेबांचा मेसेज आला. भिंतीवर लावलेल्या चित्राचा फोटो, आणि खाली, "आता कसा निवांत उभा आहे."

फोटो मोठा करून मी गुडघे पाहिले. मग 'थँक यू' लिहून पाठवलं.