बाबांचा पिक्चर कुंकवाने गेला नव्हता

प्रिय आई,

आज सकाळी साडेअकराला एसटी स्टँडसमोरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या मुजावरभाईंनी खात्रीने सांगितलं: बाबांचा पिक्चर तुझ्या हळदीकुंकवाने गेलेला नाही. गेलेलाच नाही! सीडीवर सगळं जागच्या जागी आहे. कॉम्प्युटरला ते वाचता येत नाही, त्याचं कारण वेगळंच आहे आणि त्यात तुझा काही हात नाही.

दुकानाच्या पायरीवरूनच ताईला मुंबईला फोन केला. ती रडायलाच लागली. "सुऱ्या, हे आईला कोण सांगणार आता?" म्हणाली. म्हणून हे पत्र. तुला जाऊन चार महिने झाल्यावर मी ही बातमी देतोय. इतका उशीर मी ऑफिसात कधी केला नव्हता गं.

नवी होडी पाण्यात सोडली तो दिवस आठवतो ना? बाबांचा आतेभाऊ दत्तूकाका मंडणगडहून नवाकोरा कॅमेरा घेऊन आला होता. तळहातावर मावेल एवढी छोटी सीडी त्या कॅमेऱ्यात बसायची. दिवसभर तो बाबांच्या पुढे उलटा चालत शूटिंग करत होता आणि एकदा जेटीवरून पडता पडता राहिला. रात्री त्याने कॅमेऱ्याची वायर आपल्या टीव्हीला जोडली आणि सगळ्या आळीने बाबांना टीव्हीत पाहिलं. जाताना सीडी तुझ्या हातात दिली. वर पेनाने बाबांचं नाव लिहिलेलं.

तेवढं एकदाच पाहिलं आपण. पुढे दोन वर्षांनी बाबा गेले, आणि ती सीडी तुझ्या ट्रंकेत, साड्यांच्या घडीत राहिली.

"अरे सुऱ्या, लाव ना तो पिक्चर. एकदा ऐकायचाय मला."

कितीदा म्हणालीस? मी म्हणायचो, आज पेपरचं पान लवकर छपाईला सोडायचंय, उद्या लावतो. उद्या निवडणूक, परवा वादळ. तू कधी रागावली नाहीस. रागावली असतीस तर बरं झालं असतं! मी लवकर हललो असतो.

शेवटी तू जायच्या दोन वर्षं आधी एका रविवारी लावायला बसलो. तू स्टूल ओढून शेजारी बसलीस, पदर सारखा केलास, जणू बाबाच येणार होते. मी सीडी पालथी केली तर चकचकीत बाजूवर कुंकवाचा वाळलेला थर, हळदीचे डाग, गंधाचे ठिपके. तरी आत सरकवली. कॉम्प्युटर घरघरला, थांबला, पुन्हा घरघरला आणि म्हणाला, डिस्क टाका.

"हे काय फासलंयस आई? वाट लावलीस! गेला पिक्चर."

मी कुणावर आवाज चढवत नाही म्हणून ऑफिसात माझी ख्याती आहे. चढवला तो नेमका तुझ्यावर. तू "बरं" म्हणालीस, स्टूल जागेवर ठेवलंस आणि मागल्या दारी बांगडे साफ करायला बसलीस. त्या दिवसानंतर पिक्चरचं नाव काढलं नाहीस. मला वाटलं, विसरलीस. असा कसा मी?

तुझं कार्य आटोपल्यावर शेजारची शेवंतामावशी ट्रंक आवरायला आली. सीडी हातात घेऊन तिने सांगून टाकलं.

"मेल्या, तुला म्हणून सांगते. तिने शपथ घातली होती मला. म्हणायची, गो शेवंते, त्यांचा आवाज मीच घालवला. माझ्या हाताने."

दोन वर्षं आई! दोन वर्षं तू हे मनात ठेवून माझ्यासाठी भाकऱ्या थापत होतीस, आणि मी समोर बसून जेवत होतो.

बाकीचंही मावशीनेच सांगितलं. खंडेनवमीला तू बाबांचा कोयता, जाळं विणायची सुई, माझं पेन असं सगळं पाटावर मांडून पूजा करायचीस, ते मी पाहिलेलं. पण मी ऑफिसला गेलो की ट्रंकेतून ही सीडी काढून पाटावर ठेवायचीस, हे मला ठाऊक नव्हतं. बाबांमागे तू स्वतःच्या कपाळाला कुंकू लावलं नाहीस. त्यांच्या सीडीला मात्र दरवर्षी लावत राहिलीस. चकचकीत बाजूला का, असं मावशीने एकदा विचारलं होतं म्हणे. तू तिलाच वेड्यात काढलंस: "मग काय नावावर लावू? पुसट होईल ना नाव!"

हे ऐकलं आणि मी कामाला लागलो. कोमट पाण्यात साबणाचा थेंब टाकून सीडी भिजवली. तुझ्या जुन्या सुती साडीच्या तुकड्याने आतून बाहेर, सरळ रेषेत पुसली. गोल पुसायची नसते, हेही तेव्हाच शिकलो. कुंकू गेलं, गंध गेलं, हळद तर पहिल्या पाण्यातच सुटली. खाली एक ओरखडा नाही! मोठ्या आशेने कॉम्प्युटरमध्ये घातली. पुन्हा तेच, डिस्क टाका. ऑफिसातल्या दोन कॉम्प्युटरांवर घातली. एका ओळखीच्याचा जुना प्लेअर मागून आणला. त्याचंही तेच.

तेव्हा मनात आलं, खरंच कुंकवानेच खाल्ली असेल तर? मग तुझं बरोबर ठरणार होतं. ते मला नको होतं. आठवडाभर सीडी बॅगेत घेऊन फिरलो, पण दुकानात जायचं धाडस होईना.

आज गेलो. मुजावरभाईंनी ती उजेडात तिरकी धरली. "हे आतलं गडद कडं दिसतंय? तेवढं भरलेलं आहे. बाहेरचं कोरं." मग विचारलं, "कॅमेऱ्यात फायनल केलेली का?" म्हणजे काय, ते मला कुठे माहीत! त्यांनी समजावलं, की अशा कॅमेऱ्यात शूटिंग संपल्यावर एक बटण दाबून सीडी फायनल करावी लागते. ते राहिलं, तर ती फक्त त्या कॅमेऱ्यालाच वाचता येते. बाकीच्यांना वाटतं, कोरीच आहे. म्हणजे तू पहिलं बोट लावलंस त्याच्या आधीपासूनच ती कुठल्याच कॉम्प्युटरवर लागणार नव्हती!

तिथूनच दत्तूकाकाला फोन लावला. आता त्याला ऐकू कमी येतं, पण हे बरोबर ऐकलं.

"अरे, तुझ्या बापानेच करू दिली नाय. म्हणाला, जागा हाय ना अजून? मग बंद कशाला करतोस? पुढच्या खेपेला मासळी उतरवताना घे माझं. मग माझं येणं झालं नाय, आणि तो गेला."

बघ! ज्यांच्यासाठी तू झुरलीस, त्यांनीच घोळ घातला होता. बाबांना एक वस्तू वाया घालवलेली खपायची नाही, हे तुला वेगळं काय सांगू? भांडायचं असेल तर तिथे त्यांच्याशी भांड. मी मध्ये पडणार नाही.

काकाने अजून एक सांगितलं. शेवटी बाबा कॅमेऱ्याला पाठ करून तुझ्याकडे वळतात, काहीतरी बोलतात आणि तू तोंडाला पदर लावतेस. काय बोलले, ते काकाला आठवत नाही. टीव्हीवर पाहिलं तेव्हा आळीच्या गलक्यात मलाही ऐकू आलं नव्हतं. तुला तेवढंच पुन्हा ऐकायचं होतं ना?

कॅमेरा काकाच्या कपाटात आहे. झाकण जड झालंय, पण चार्जर लावला की दिवा लागतो. शनिवारी पहाटेच्या एसटीने तो मंडणगडहून निघेल. ताई शुक्रवारी रेल्वेने पोचतेय. मुजावरभाई दुकान बंद ठेवून मांडवीला आपल्या घरी येणार आहेत. फायनल करताना कॅमेरा मध्येच बंद पडला तर हातचं जाईल, म्हणून आधी टीव्हीला वायर जोडून बघायचं आणि बघताबघताच नक्कल उतरवून घ्यायची, असं त्यांनी ठरवलंय. कॅमेरा इतक्या वर्षांनी चालेलच असं ते म्हणत नाहीत. पण आशा आहे म्हणतात.

शनिवारी मी सुट्टी टाकली आहे. फोन बंद ठेवणार आहे. आणि एक शब्द देतो. बाबा तुला जे बोलले असतील, ते मी कुठे लिहिणार नाही आणि कुणाला सांगणार नाही.

तुझा,
सुऱ्या