वज्रपंखाची बायको

१५ एप्रिल, मंगळवार
वरठीला पोचले. दीर सेवकराम एकोडीहून सोडायला आले होते. चहा पिऊन लगेच परतले. घर छान आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे सिमेंटचं अंगण आणि मोठा कूलर. कूलरसमोर बसले तर पदर उडाला, हसूच आलं. हे गेल्यापासून तीन वर्षांत असं हसू आलं नव्हतं.

काम सोपं आहे. तृप्तीची आई खुब्याचं हाड मोडून पलंगावर पडून आहे. तिचा स्वयंपाक, औषध, उठवणं-बसवणं. तृप्ती सकाळी नऊला कामावर जाते, सहाला येते. ती म्हणे, काकू, आईले तिखट देऊ नका, मांगलं तरी. आतून आई ओरडली की बाई, तू तिखटच आण, हिच्या हातचं खाऊन जीभ मरून गेली माही.

आईचं नाव शकुंतलाबाई. पण भिंतीवर तरुणपणीचा फोटो आहे, त्याखाली ‘मिस टीना’ लिहिलं आहे. मी ओळखलं.

१७ एप्रिल, गुरुवार
आज सांगून टाकलं की मी कोण. वीस वर्षांपूर्वी आमच्याकडच्या नाटक मंडळीनं नाकाडोंगरीच्या जंगलात एक पिक्चर काढला होता, सीडीवर विकायचा. त्यात मिस टीना नायिका आणि आमचे हे नायक, मुखवटेवाला वीर वज्रपंख. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून मुखवटा त्यांनी स्वतःच बनवला होता. टीनाबाई माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, अगे माय, तो तर असा उचलायचा मले, जशी कापसाची गठडी! म्हणून खूप हसली. मी भाकरी उलटली.

तृप्तीकडून नवी गोष्ट कळली. वज्रपंखाची नवीन मालिका आली आहे, दर रविवारी एक भाग. ती नीट समजावून सांगते. आधी चित्रांची पुस्तकं होती. मग टीव्हीवर मालिका झाली, त्यात वज्रपंख मोठ्या शहरातला श्रीमंत डॉक्टर होता. मग आपला पिक्चर, कोणाला न विचारता काढलेला, त्यात तो धानाच्या बांधावरचा गडी. नवीन मालिका म्हणते की हे सगळेच खरे. प्रत्येक वज्रपंखाचं वेगळं जग आहे, आणि नवा वज्रपंख दार उघडून जुन्यांना बोलावतो. म्हणून त्यांनी आपल्या पिक्चरचे तुकडे घेतले. टीनाबाईला फोन आला होता, तिची सही घेतली.

मला कोणी विचारलं नाही. मी त्यांना सापडणार तरी कशी?

२० एप्रिल, रविवार
भाग पाहिला. दार उघडलं आणि पलीकडे आमचं रान, आणि त्यात हे उभे. चालणं त्यांचंच, डावा खांदा जरा खाली. मी भांडं खाली ठेवून जमिनीवरच बसले. तीन वर्षांनी हलताना पाहिलं.

मग टीना धावत आली आणि त्यांच्या गळ्यात पडली. नव्या वज्रपंखानं विचारलं, ही कोण? हे म्हणाले, माझी बायको.

शेवटी नावं आली. मिस टीनाचं नाव मोठ्या अक्षरांत. त्यांचं नाव नाही. मुखवट्यामागचा माणूस कोण, ते त्या लोकांना माहीतच नव्हतं. टीनाबाईला फोनवर विचारलं होतं, तिला म्हणे तेव्हा आठवलं नाही.

२७ एप्रिल, रविवार
आज शेजारीण आणि तिची सून मालिका पाहायला आल्या. टीनाबाई केस विंचरून, लिपस्टिक लावून बसली. शेजारीण म्हणे, काय जोडी होती तुमची, नवराच वाटते! टीनाबाई लाजली. साठीची बाई, पलंगाला खिळलेली, लाजली. मी चहा दिला. तिच्या कपात साखर टाकलीच नाही.

आता सगळा देश त्यांना तिचा नवरा म्हणतो. त्यांची शेवटची उलटी मी ओंजळीत धरली होती. ते कुठे दाखवणार?

३० एप्रिल, बुधवार
अक्षय तृतीया. पितरांचा दिवस. दरवर्षी गावी सेवकराम घास टाकतात आणि भावाचं नाव घेतात. यंदा मी इथे, म्हणून मीच केलं. मागच्या अंगणात गोवरीचा निखारा ठेवला, त्यावर तूप सोडलं, भात, वडा, कढी. घास ज्याच्यासाठी टाकायचा त्याचं नाव घ्यावं लागतं, नाहीतर तो पोचत नाही.

नवऱ्याचं नाव मी जन्मात घेतलेलं नाही. उखाण्यातसुद्धा ‘यांचं’ म्हणून वेळ मारून नेली होती. तोंड उघडलं, पण जीभ वळली नाही. निखारा विझायला आला. तेव्हा सुचलं की गावातही सगळे त्यांना वज्रपंखच म्हणायचे.

वज्रपंख, जेवायला या, असं म्हणाले. घास फर्रकन जळला.

१ मे, गुरुवार
दुपारचे बारा. रस्त्यावर कुत्रंही नाही. मागच्या दाराबाहेर पत्रा वाजला. फटीतून पाहिलं. उन्हात मुखवटा, निळा रंग तापून पापुद्रे सुटलेला. मी कडीला हात लावला, इतका आनंद झाला.

त्यानं विचारलं, टीना आहे काय घरात?

आवाज यांचा. मी नाही म्हणाले. तो गेला. अंगणात त्याची सावली पडत नव्हती.

२ मे, शुक्रवार
पुन्हा आला. पुन्हा टीना. मी फटीला तोंड लावून म्हटलं की मी आहे, मी. त्यानं मान तिरकी केली, कोण बोलतंय ते कळत नसल्यासारखी. नवरा आणि माझ्याकडे असं बघणं—

घास ज्याच्या नावानं टाकला तोच आला. हे नाहीत. वज्रपंखाला कुठे माझी ओळख? त्याची बायको टीना.

४ मे, रविवार
मालिकेत तो नाही. टीना एकटीच रिकाम्या जागेला मिठी मारते. तृप्ती म्हणे, नेट खराब असेल. टीनाबाई पांढरी पडली. तिनंही पत्र्याचा आवाज ऐकला आहे, आणि टीना म्हणून विचारलेलंही.

तृप्ती आत गेल्यावर तिनं माझा हात धरला. म्हणाली, बाई, पुस्तकात काय, टीव्हीत काय, आपल्या पिक्चरात काय, सगळ्यांनी सगळं बदललं, शेवट नाही बदलला. तो बायकोसमोर मुखवटा काढते अन् चेहरा पाहताच ती मरते. तू त्याची खरी बायको. त्याचं खरं नाव घे एकदा. तो शुद्धीवर येईन अन् जाईन आपल्या वाटेनं.

मी म्हटलं, बघते.

जाईल, हे खरं. पण मग कायमचा.

५ मे, सोमवार
टीनाबाईनं रडून आकांत केला, म्हणून तृप्ती तिला नागपूरला बहिणीकडे घेऊन गेली. घर माझ्यावर. टीनाबाईनं गाडीतून पुन्हा सांगितलं, नाव घे. तिला वाटतं मी घाबरते.

घाबरत नाही. जळते. मेल्यावरही तिलाच विचारत यावं?

चौथी शिकलेली मी पुढचं वाचन त्यांच्या नाटकाच्या वह्यांवरच शिकले. पिक्चरच्या वेळी टीनाचे सगळे संवाद चुलीपाशी मीच वाचायची, हे आपले पाठ करायचे. तिच्याआधी ते शब्द माझ्या तोंडात होते. अजून एकही विसरले नाही.

६ मे, मंगळवार
साडेअकरा. टीनाबाईची हिरवी साडी नेसले. कुंकू लावलं. तीन वर्षांनी. आरशात बघवेना.

पत्रा वाजला.

टीना आहे काय घरात? मी म्हटलं, आहे, या नाथा. तिच्याच संवादातलं. कडी काढली.

समोर बसला आहे. मी वही मांडीवर घेतली. हात त्यांचेच. उजव्या मनगटावर विळ्याचा वण. मी हळद भरली होती त्यात—

मुखवट्याची दोरी सोडतो आहे. एक गाठ सुटली. नाव जिभेवर आहे. घेतलं तर ते जातील. नाही घेतलं तर मी—

नाही घेत.

दुसरी गाठ. हनुवटी दिसली. दाढीचे पांढरे खुंट. ओठ हलले. म्हणाले, अवो.

टीना नाही. अवो. आमच्या घरात मला हाक मारायची ती अशीच. ओळखलं त्यांनी. मलाच ओळखलं. मी वर बघ—