सावलीचा रंग

४ मार्च
वाचनालय नऊला उघडलं. बावीस नव्या पुस्तकांना कव्हरं घातली. धाकटीला, माझ्या बहिणीला, जाऊन आज महिना झाला.

६ मार्च
मुलांचा बुधवारचा खेळ. चित्रकाराचं नाव झाकायचं, चित्रावरून ओळखायचं.
"हा नाक काढायला विसरतो तो!"
"हिची झाडं कायम वाऱ्यात!"
मग धाकटीने चित्रं काढलेल्या पुस्तकाचं पान आलं. एक चिमुरडी ओरडली, "सोप्पं! हिचे सगळे प्राणी पाय पोटाशी घेतात, थंडी वाजल्यासारखे!" सगळी हसली. मी कपाट आवरत बसले.

९ मार्च
धाकटीच्या नवऱ्याने तिचं शेवटचं चित्र फ्रेम करून पाठवलं. तिने चिठ्ठी लिहिली नव्हती, हेच ठेवलं होतं – रिकामं घरटं, उडून जाणारा पक्षी. त्यावरूनच ठरलं की ती आपणहून नदीत गेली. मीही मान डोलावली होती. भिंतीला लावलं.

११ मार्च
पक्ष्याचे पाय पोटाशी आहेत. झाड तिचंच. मग काय खुपतंय?

१२ मार्च
सापडलं. सावली काळी आहे!
धाकटीच्या पेटीत काळा रंग कधीच नव्हता. सावलीसाठी ती निळ्यात तपकिरी कालवायची. लहानपणी तिचे ब्रश मीच धुवायची – पाणी कधी काळं झालं नाही. पुस्तकात मात्र तीच सावली काळी छापून येते. "छापखान्याने माझ्या सावल्या मारल्या, ताई," म्हणायची.
म्हणजे हे छापील पुस्तक समोर ठेवून काढलंय. तिला रंग कालवताना कधी न बघितलेल्या माणसाने. काम करताना ती कुणालाच खोलीत घेत नसे. नवऱ्यालासुद्धा.
तो दुकानांच्या पाट्या रंगवतो.
चहा तसाच गार झाला.

१४ मार्च
चौकीत गेले. फौजदार म्हणाले, "बाई, दुसरा रंग घेतला असेल. दुःखात माणसाला काहीबाही दिसतं." सगळं समजावलं – निळा, तपकिरी, छापखाना. "बघू." जांभई दिली.
ठकी त्याच घरात आहे. माझी भाची. सात वर्षांची. त्याच्याजवळ एकटी.

१५ मार्च
फोन केला. ठकीला चार दिवस पाठवा म्हटलं.
"शाळा आहे तिची, ताई." मग हसला. "फौजदार भेटले होते. निळ्यात तपकिरी – असंच ना?"
मागून ठकी – "मावशी आहे? मला द्या ना, बाबा! द्या ना!"
फोन बंद.

१६ मार्च
त्याच्या घरी जाऊन आले. दार उघडलं नाही. आत रेडिओ चालू होता. चौकीत परत सांगितलं. "बापच आहे ना तिचा?"

१८ मार्च
सकाळी दाराखालून पाकीट. वर त्याचं अक्षर – "ठकीने मावशीसाठी काढलंय."
वेड्यावाकड्या रेघा. घरटं. एक छोटा पक्षी उडून चाललाय. खाली सावली – निळ्यात तपकिरी.
सात वर्षांची मुलं सावली काढत नाहीत. वाचनालयात वीस वर्षांत एकानेही काढलेली बघितली नाही. हेही त्यानेच काढलंय.
वाचनालयाची किल्ली शेजारी दिली. चपला घालूनच हे लिहितेय. आता दार ओढून घेते.