पहिल्या दोन तासांची रेघ

सर,

तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली आणि तुमच्या खुर्चीत आता मी बसते, हे तुम्हाला कोण सांगणार? खुर्ची तीच, डुगडुगणारी. सूक्ष्मजीवशास्त्र विभागात शिकवायला आम्ही दोघीच, त्यातली एक आज रजेवर. घरी गेले तरी कुलूप मीच उघडायचं. फार एकटं वाटलं की तुमच्याशी बोलते.

जिवाणूंची वाढ तुमच्याइतकी सोपी करून कुणी सांगितली नाही. "नवी सून घरात आली की पयल्यांदा डबं कुठं हायत ते बघती, लगीच सैपाकाला लागत न्हाय. ही लॅग फेज. मग एकाचं दोन, दोनाचं चार, दम म्हणून खात न्हाईत. ही लॉग. मग पंगत भरती, जेवढं बसत्यात तेवढंच उठत्यात. शेवटी वाढायलाच काय उरत न्हाय." कुरुंदवाडचा तुमचा आवाज व्हरांड्यापर्यंत जायचा.

एम.एस्सी.ला तो प्रयोग माझ्या वाट्याला आला. फ्लास्कमध्ये जिवाणू सोडायचे आणि दर अर्ध्या तासाला थोडा द्रव काढून तो किती गढूळ झाला ते यंत्रावर मोजायचं. त्या दिवशी मंगळवार पेठेत मैत्रिणीला बघायला पाहुणे येणार होते आणि पोहे करायला तिला मी हवी होते. पहिले दोन तास काहीच वाढत नाही, सरांनीच सांगितलंय, म्हणून मी चारही आकडे आधीच लिहून टाकले आणि सायकल काढली. परतले तर द्रव चांगलाच गढूळ. मी सोडलेले जिवाणू ताजे, जोमात वाढणारे होते. ते थांबलेच नव्हते. मग पुढचे दोन आकडेही जरा खाली ओढले आणि हलक्या हाताने आलेखाचं वळण काढलं.

तुम्ही तो आलेख उचलून सगळ्यांना दाखवलात. "ह्येला म्हणायचं लॅग! कशी सरळ रेघ हाय बघा की." तो चौकटीत जाऊन भिंतीवर लागला. पुढे इथेच शिकवायला लागले, तेव्हा दरवर्षी तुम्ही नव्या मुलांना तो दाखवायचात आणि मी मागे उभी राहून परीक्षानळ्या पुसायची. तुमच्या निवृत्तीच्या दिवशी सांगायचंच, असं ठरवलं होतं. तुम्ही डोक्यावर हात ठेवलात, आणि मी नमस्कार करून बाहेर पडले.

आज सकाळी पन्हाळ्याकडची एक विद्यार्थिनी जर्नल घेऊन आली. डोळे लाल.

"मॅडम, तिसऱ्यांदा केलं. भिंतीवरल्यासारखी रेघ येतच न्हाय. अर्ध्या तासातच वर चढती. माझंच काय तर चुकतंय व्हय?"

मी जर्नल चाळलं. तिनेही ताजेच जिवाणू घेतले होते. प्रत्येक अर्ध्या तासाची वेळ, आकडा, कुठे खाडाखोड नाही. तिचं काहीच चुकलं नव्हतं. तुझा बरोबर आहे, भिंतीवरचा खोटा आहे, एवढंच म्हणायचं होतं. मी चष्मा पुसला आणि म्हणाले, "परत कर."

मला लाज वाटते, सर. तुमच्यापाशी गप्प राहिले तेव्हा नुकसान माझ्यापुरतं होतं. आता ती पोर स्वतःच्या डोळ्यांवर शंका घ्यायला शिकते आहे.

दुपारचे तीन वाजलेत. ती बाहेर फ्लास्कपाशी बसली आहे, डबासुद्धा उघडलेला नाही. हे तुम्हाला पाठवायची सोय नाही. ती दहा पावलांवर आहे, आणि मी अजून उठलेली नाही.